पिंगळ्याच्या डोळ्यातील बाहुलीचे निरीक्षण कसे करावे
बदलत्या उजेडाशी पक्ष्यांचे डोळे कसे जुळवून घेतात, हे पाहण्यासाठी जुन्या वडा-चिंचेच्या ढोलीतला पिंगळा (एक लहान घुबड) उत्तम, कारण तो दिवसाही ढोलीच्या तोंडाशी येऊन बसतो आणि त्याच्या पिवळ्याधमक बुबुळात काळी बाहुली उठून दिसते. सूर्यास्तापूर्वी तासभर, सूर्य पाठीशी घेऊन, तो बिचकणार नाही इतक्या अंतरावर बसावे. ८×४२ ची (आठपट मोठे दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) दुर्बीण पुरते. लक्ष बाहुलीभोवतीच्या पिवळ्या कड्यावर ठेवावे, कारण उजेड ओसरतो तसे ते अरुंद होत जाते. मान वळवल्यावर एकच डोळा उन्हाकडे आला, तर दोन बाहुल्यांचा आकार वेगळा दिसू शकतो. तो आजार नव्हे, कारण पक्ष्यांच्या बाहुल्या बऱ्याच अंशी स्वतंत्रपणे आकसतात. शिवाय त्यांच्या बुबुळातील स्नायू मुख्यतः पट्टेदार, म्हणजे आपल्या हातापायांच्या स्नायूंच्या जातीचे असतात, त्यामुळे बाहुली झटकन लहानमोठी होते, आणि तीही कधी उजेड तसाच असताना, केवळ पक्षी सावध झाल्यामुळे. म्हणून तो स्थिरावल्यावरच नोंद करावी. टॉर्चचा झोत डोळ्यांवर मारण्याचा (दुर्दैवाने सर्रास दिसणारा) प्रकार कटाक्षाने टाळावा, आणि विणीच्या काळात ढोलीजवळ फिरकूच नये.