एच अँड ई स्लाइडवरून फुप्फुसाच्या कर्करोगाचा उपप्रकार ओळखणारं मॉडेल

फुप्फुसातली गाठ अ‍ॅडिनोकार्सिनोमाची (ग्रंथीपेशींचा कर्करोग) की स्क्वॅमसची (चपट्या पेशींचा कर्करोग), यावर औषध ठरतं. पेमेट्रेक्सेड हे केमोचं औषध स्क्वॅमसला देत नाहीत. हा फरक एच अँड ई (नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या रंजनाच्या) स्लाइडवरून ओळखणारं मॉडेल शिकवायला टीसीजीए या अमेरिकी कर्करोग-प्रकल्पाचे दोन खुले संच पुरतात. फक्त फाइलच्या नावात ‘डीएक्स’ असलेल्याच स्लाइड उतरवा. ‘टीएस’ आणि ‘बीएस’ या गोठवलेल्या ऊतीच्या असतात, बर्फाने त्यांतल्या पेशींचा आकार बिघडलेला असतो.

४० पटींवर स्कॅन केलेली १,००,००० × ८०,००० पिक्सेलची स्लाइड पूर्ण उलगडली तर २४ जीबी होते. म्हणून टाइल, म्हणजे छोटे चौकोनी तुकडे, कापायच्या: २५६ × २५६ पिक्सेल, दर पिक्सेलला ०.५ मायक्रॉन. काही स्लाइड ०.२५ मायक्रॉनच्या, काही ०.५ च्या, शून्य पातळीवरून (फाइलमधल्या सर्वांत बारीक तपशिलाच्या पातळीवरून) सरसकट २५६ कापले तर निम्म्या टाइलमध्ये केंद्रकं दुप्पट मोठी दिसतील. ०.२५ च्या स्लाइडवर ५१२ कापून निम्मे करा. ओपनस्लाइड या स्लाइड वाचणाऱ्या लायब्ररीच्या रीड-रीजन फंक्शनला द्यायचे एक्स-वाय नेहमी शून्य पातळीचेच असतात, वाचायची पातळी कोणतीही असो. इथे चुकलं तर एररही येत नाही, नुसत्या भलत्याच जागेच्या टाइल मिळतात.

रिकामी काच वगळणारा मास्क करण्यासाठी लघुप्रतिमेच्या सॅच्युरेशनवर (रंगाच्या तीव्रतेवर) ओत्सू ही सीमा आपोआप ठरवणारी पद्धत लावा. पॅथॉलॉजिस्टने मार्करने केलेल्या खुणा ओत्सूला ऊतीच वाटतात. निळा-हिरवा रंग ह्यूवरून (रंगछटेवरून) काढता येतो. काळ्या मार्करला मात्र जपून. शहरी फुप्फुसात काजळीचे काळे ठिपके असतातच, आणि सढळ हाताने लावलेली चाळणी त्या टाइलही फेकते. १५ × १० मिमी ऊतीतून साधारण ९,००० टाइल निघतात.

प्रत्येक टाइलचा वैशिष्ट्य-सदिश (तिचं वर्णन करणारी आकड्यांची यादी) एकदाच काढून डिस्कवर ठेवा. त्यासाठी इमेजनेटवर, म्हणजे सर्वसाधारण फोटोंवर, शिकलेलं रेसनेट-५० चालतं, पण पॅथॉलॉजीवर शिकलेलं यूएनआय बरं. टीसीजीएवरच शिकलेलं एन्कोडर (सदिश काढणारं मॉडेल) टाळा, नाहीतर चाचणीच्या स्लाइड त्याने आधीच पाहिलेल्या असतात. पुढे अटेन्शन-आधारित एमआयएल (प्रत्येक टाइलला वजन देऊन पूर्ण स्लाइडचं एकच उत्तर काढणारी पद्धत): एका वेळी एक स्लाइड, अ‍ॅडम, लर्निंग रेट ०.०००२, ड्रॉपआउट ०.२५. एका जीपीयूवर भागतं. इथे फार वेळ घालवू नका.

वेळ घालवायचा तो शिकवण्याच्या आणि चाचणीच्या स्लाइडच्या विभागणीत. एका रुग्णाच्या सगळ्या स्लाइड एकाच गटात हव्यात. फाइलच्या नावाच्या सुरुवातीला असलेल्या बारकोडची पहिली १२ अक्षरं म्हणजे रुग्ण. तेवढ्यानेही भागत नाही. प्रत्येक रुग्णालयाचं रंजन आणि स्कॅनर वेगळा, आणि मॉडेल रुग्णालयच ओळखायला शिकतं. रंगांचं सामान्यीकरण करूनही ही ओळख पुसली जात नाही, हे २०२१ मध्ये टीसीजीएवरच दाखवलं गेलं आहे. म्हणून अख्खी रुग्णालयं चाचणीत ठेवा. बारकोडमधला दुसरा भाग हा केंद्राचा संकेतांक, पण एकाच रुग्णालयाला दोन कर्करोगांसाठी दोन संकेतांक असू शकतात. टीसीजीएच्या तक्त्यातून नावं जुळवून घ्या. बाहेरची चाचणी सीपीटॅक या दुसऱ्या अमेरिकी कर्करोग-प्रकल्पाच्या फुप्फुस-स्लाइडवर करा.

नुसत्या एयूसीवर (दोन प्रकार किती वेगळे ओळखले याच्या गुणांवर) विसंबू नका, अटेन्शनचा नकाशा (कोणत्या टाइलला किती वजन दिलं तो) पॅथॉलॉजिस्टशेजारी बसून बघा. स्क्वॅमसमध्ये भर केराटिनच्या मोत्यांवर आणि अ‍ॅडिनोमध्ये ग्रंथींवर पडायला हवा. तो ऊतीच्या कडेवर किंवा मार्करच्या उरलेल्या रेघेवर पडला, तर मास्कपासून पुन्हा सुरुवात. मॉडेलने दिलेली शक्यता ज्यांच्यासाठी ०.४ ते ०.६ मध्ये अडकली, त्या स्लाइड बाजूला काढा. त्यांत कमी विभेदित (मूळ पेशीचं रूप हरवलेल्या) गाठी बऱ्याच निघतात, आणि त्यांच्यासाठी पॅथॉलॉजिस्टही पी४० (स्क्वॅमसची खूण) आणि टीटीएफ-१ (अ‍ॅडिनोची खूण) या रंजन-चाचण्या मागवतो.