हाडे सांभाळत लेट्रोझोल कसे घ्यावे

रजोनिवृत्तीनंतर स्तनाच्या कर्करोगासाठी दिली जाणारी सर्व हार्मोनविरोधी औषधे हाडांवर सारखाच परिणाम करत नाहीत: टॅमॉक्सिफेन या वयात हाडांची घनता काहीशी राखते, तर लेट्रोझोल, ॲनास्ट्रोझोल आणि एक्झेमेस्टेन शरीरात उरलेसुरले इस्ट्रोजेनही तयार होऊ देत नसल्याने हाडांची झीज वेगाने होते. म्हणून गोळी सुरू होतानाच डेक्सा (हाडांची घनता मोजणारी) तपासणी करून घ्यावी व ती साधारणतः दर १ ते २ वर्षांनी पुन्हा करावी. तिच्यातील टी-स्कोअर (निरोगी तरुण व्यक्तीच्या तुलनेत हाडांची घनता दाखवणारा आकडा) उणे २.५ किंवा त्याखाली गेल्यास ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडे ठिसूळ झाल्याचे मानतात. मात्र या गोळ्या चालू असताना डॉक्टर त्याआधीही झोलेड्रॉनिक ॲसिड किंवा डेनोसुमॅब ही हाडांची झीज रोखणारी इंजेक्शने सुचवू शकतात. त्यापूर्वी दात तपासून घ्यावेत, कारण नंतर दात काढल्यास क्वचित जबड्याचे हाड बिघडते. डेनोसुमॅबची दर ६ महिन्यांची तारीख मात्र कधीही चुकवू नये; ते अचानक थांबल्यास मणके मोडू शकतात. नाचणी, दूध, तीळ यांतून दिवसाला सुमारे १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम मिळावे, रोज चालावे आणि ड जीवनसत्त्व तपासावे. सांधे दुखतात म्हणून (ही तक्रार फार आढळते) गोळी परस्पर बंद करू नये. डॉक्टर औषध बदलून देऊ शकतात.