पोस्टग्रेसच्या कोअरमध्ये फीचर घालायचंय? कोड नंतर लिहा

टीममधलं कुणी पोस्टग्रेस या ओपन सोर्स डेटाबेससाठी पॅच, म्हणजे कोडमधला बदल, घेऊन आलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: हे एक्स्टेंशन (कोअरला हात न लावता बाहेरून जोडायची पुरवणी) म्हणून का नाही होत? कारण पोस्टग्रेसचे डेव्हलपरही सगळ्यात आधी हेच विचारणार. क्वेरी कशी चालवायची हे डेटाबेसला सुचवणाऱ्या क्वेरी हिंट्सना कोअरने वर्षानुवर्षं दाद दिली नाही. ज्यांना हवेत ते पीजी_हिंट_प्लॅन हे एक्स्टेंशन लावून मोकळे होतात. आणि एक मुख्य आवृत्ती पाच वर्षं सांभाळायची असते. तुम्ही तोवर नोकरी बदललेली असेल, बग निस्तरणार कमिटर, म्हणजे कोड आत घ्यायचा अधिकार असलेला. तो खळखळ करणारच.

म्हणून आधी फक्त अडचण मांडा. टेबल केवढं, क्वेरी कुठली, एक्सप्लेन अ‍ॅनलाइझ (क्वेरी कशी चालली, किती वेळ लागला हे दाखवणारी कमांड) काय म्हणतं, आज लोक काय जुगाड करतात. सिंटॅक्स एसक्यूएल मानकात असेल तर तसं सांगा, निम्मा वाद तिथेच मिटतो.

मग पॅच. आधीच्या कोडची आवराआवर एका पॅचमध्ये, फीचर दुसऱ्यात. रिव्ह्यू करणारा आशीर्वाद देईल. समजा, टेबलची रचना बदलणाऱ्या ऑल्टर टेबल कमांडला नवा पर्याय दिलात. पार्सर (कमांड वाचणारा भाग) आणि कॅटलॉग (डेटाबेसची स्वतःबद्दलची नोंदवही) झाला म्हणजे काम झालं असं वाटतं. पण बॅकअप काढणारा पीजी_डंप तो पर्याय लिहून काढतो का? नसेल, तर बॅकअपमधून उभ्या केलेल्या डेटाबेसमध्ये तुमचं फीचर गायब! पीएसक्यूएलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या टूलमध्ये, टॅब दाबल्यावर तो सुचतो का, टेबलची रचना दाखवणारी बॅकस्लॅश डी केल्यावर दिसतो का? रिग्रेशन टेस्ट (पुढे काही बिघडलं तर पकडणाऱ्या चाचण्या) आणि डॉक्युमेंटेशन त्याच पॅचमध्ये हवं, 'नंतर देतो' चालत नाही. कॅटलॉग व्हर्जनच्या, म्हणजे कॅटलॉगची रचना बदलल्याची खूण असलेल्या, आकड्याला मात्र हात लावू नका, तो कमिटर बदलतो.

कमिटफेस्ट, म्हणजे आलेले पॅच तपासायचे ठरलेले महिने, जुलै, सप्टेंबर, नोव्हेंबर, जानेवारी आणि मार्चमध्ये असतात. मोठं काम जुलैत आणा. मार्चमध्ये पहिल्यांदा आणलंत तर एप्रिलच्या फीचर फ्रीझपुढे (त्यानंतर त्या आवृत्तीत नवं फीचर घेत नाहीत) कुणाला तुमच्याकडे बघायला वेळ नसतो. एक पॅच टाकलात की तेवढ्याच वजनाचा दुसऱ्याचा एक तपासायचा, हा रिवाज पाळाच. नावं तिथूनच ओळखीची होतात.

कमिट झालं तरी पेढे वाटू नका. मर्ज कमांड (ओळ असेल तर बदलणारी, नसेल तर घालणारी) 2018 साली आत गेली, काही दिवसांतच बाहेर काढली, आणि थेट 2022 च्या पंधराव्या आवृत्तीत आली. पॅच आत जाईपर्यंत मास्टर, म्हणजे मुख्य कोड, पुढे सरकत राहतो, त्यामुळे रीबेस करत राहा, म्हणजे पॅच ताज्या कोडवर बसवत राहा. पॅचवर 'वेटिंग ऑन ऑथर' (चेंडू तुमच्या कोर्टात) असा शेरा दिसला तर त्याच आठवड्यात उत्तर द्या, नुसतं 'बघतोय, शुक्रवारी नवी आवृत्ती देतो' एवढं असलं तरी चालेल.