कोकणात गेलात आणि समुद्रावर काहीच दिसलं नाही? या चुका टाळा

"दोन दिवस राहिलो, पण वाळू आणि उंट सोडून काही दिसलं नाही." दापोली-गुहागरहून परतलेल्या ओळखीच्यांकडून हे इतक्यांदा ऐकलंय, की आता मी आधी एकच विचारते: तिथी कोणती होती? उत्तर सहसा नसतं. चेक-इनची वेळ, घाटातला ट्रॅफिक, माशांच्या थाळीचा दर हे सगळं पाठ असतं. भरती-ओहोटी कुणी बघितलेली नसते.

न्याहारी करून खडकांवर जाणं

पहिल्या खेपेला मीही हेच केलं होतं. शनिवार होता. घावने, चटणी, दोन कप चहा असं निवांत उरकून अकराला लेकाला घेऊन खडकांवर गेले, तर खडक होते कुठे? चार काळी टोकं पाण्याबाहेर आणि त्यांच्यावर फुटणाऱ्या लाटा. परत आल्यावर मुक्कामाच्या घरच्या काकू हसल्या. "अहो, आज पुनव. बाराच्या सुमाराला भरती पुरी होते. सांगितलं असतंत तर सहाला उठवलं असतं की!"

मग त्यांनी कोकणात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला हिशोब सांगितला. तिथीची पाऊणपट करायची, येईल ती पूर्ण भरतीची वेळ. तृतीया असेल तर सव्वादोन, अष्टमी असेल तर सहा, पौर्णिमा किंवा अमावास्या म्हणजे पंधरा धरून सव्वाअकरा. दुपारी आणि रात्री, दोन्हीकडे तीच वेळ. त्यात साधारण सहा तास मिळवले की ओहोटी. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, म्हणून मोबाइलवर त्या गावाचं भरतीचं कोष्टकही बघून घ्या. पण सुट्टीचा दिवस ठरवायला भिंतीवरचं कॅलेंडर पुरतं.

नुसती ओहोटी असूनही भागत नाही. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते. पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही, त्यामुळे खालचे खडक उघडे पडतच नाहीत. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात पाणी जितकं वर येतं तितकंच मागेही हटतं. पण त्या दिवशी ओहोटी पहाटेच असते, म्हणून माझी पसंती त्यानंतरची द्वितीया ते चतुर्थी. सकाळी साडेसात ते नऊच्या दरम्यान पाणी सगळ्यात खाली असतं आणि उजेडही चांगला असतो. त्याच्या तासभर आधी पोचायचं आणि पाणी फिरलं की निघायचं. मोबाइलवर गजर लावा, कारण भरतीचं पाणी समोरून येताना दिसतं, पण खडकांमधल्या घळीतून ते आधीच तुमच्या पाठीमागे भरलेलं असतं.

आणि तिथे गेल्यावर चालत सुटू नका. हीसुद्धा मोठी चूक. परातीएवढं एखादं डबकं निवडा, सावली पाण्यावर पडणार नाही असे उकिडवे बसा आणि पाच मिनिटं गप्प राहा. पहिलं मिनिट काहीच नसतं. मग तळाचा एक 'दगड' सरकतो, तो खेकडा असतो. हिरवट बटणं वाटत होती ती हळूहळू पाकळ्या उघडतात. ती समुद्रफुलं, म्हणजे प्राणीच. बोट लावलंत की मिटतात. पारदर्शक कोळंबी तर फक्त तिच्या डोळ्यांमुळे कळते. दगड उलटून बघायचाच असेल तर हळू उलटा आणि होता तसाच परत ठेवा. त्याच्या खालच्या बाजूला अंडी आणि जीव चिकटलेले असतात, ते उन्हात राहिले की संपले. पायात पट्ट्याचे, पकड असलेले बूट हवेत. कालवांच्या कडा ब्लेडसारख्या असतात, रबरी स्लिपर घालून तिथे जाणं म्हणजे पाय कापून घेणं.

रिकामे समजून शंख आणणं

लेकाने त्याच सुट्टीत प्लास्टिकच्या पिशवीत पंचवीसेक शंख जमवले. रात्री दोनला खोलीत खुरखुर सुरू झाली. उंदीर समजून दिवा लावला तर पिशवी चालत होती. निम्म्या शंखांत शंखवासी खेकडे बिऱ्हाड करून होते. बॅटरी घेऊन रात्रीच त्यांना किनाऱ्यावर सोडून आलो. शंख पूर्ण रिकामा असला तरी तो पुढच्या खेकड्याचं घर असतो, त्यामुळे आता आम्ही फोटो काढतो आणि तिथेच ठेवतो. कोन शंख तर हातातही घेऊ नका, त्याचा डंख विषारी असतो.

कासवांना कार्यक्रमाची वेळ लावणं

मंडणगड तालुक्यातलं वेळास, नाना फडणविसांचं गाव. 2002 मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेचे लोक समुद्री गरुडाच्या अभ्यासासाठी इथे आले आणि त्यांना वाळूत कासवाच्या अंड्यांची टरफलं दिसली. तिथून ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवांच्या संरक्षणाचं काम सुरू झालं. आता आंजर्ल्यालाही ते चालतं. हंगामात पिल्लं साधारण सकाळी सातला आणि संध्याकाळी सहाला समुद्रात सोडतात.

लोक चुकतात ते इथे: शनिवारचं बुकिंग केलं म्हणजे शनिवारी पिल्लं दिसणारच, असं धरून चालतात. अंड्यांतून पिल्लं यायला 45 ते 60 दिवस लागतात आणि वाळू किती तापली त्यावर ते पुढेमागे होतं. कधी घरट्यावर झाकलेली टोपली उचलली की खाली पंचवीस-तीस पिल्लं वळवळत असतात, कधी नुसती वाळू. निघण्याआधी मुक्कामाच्या घरी फोन करून "कुठल्या घरट्याचे दिवस भरत आलेत?" हे विचारा आणि दोन रात्री राहा, म्हणजे तीन-चार वेळा संधी मिळते.

पिल्लांच्या वाटेला लावलेल्या दोरीच्या आत पाऊल टाकू नका. आपल्या पावलाचा खड्डा तळहातापेक्षा लहान पिल्लाला विहिरीएवढा असतो. फ्लॅश आणि मोबाइलची बॅटरी बंद ठेवा, कारण पिल्लं उजेडाच्या दिशेने जातात. आणि "उचलून पाण्यात सोडा ना, बिचारं दमलंय" असं कासवमित्रांना, म्हणजे घरटी सांभाळणाऱ्यांना, सांगू नका. ते अंतर पिल्लाने स्वतःच चालायचं असतं.

डॉल्फिनच्या मागे बोट पळवणं

आपल्या किनाऱ्याजवळ दिसतात ते बहुतेक हम्पबॅक डॉल्फिन, पाठीवर कुबड असलेले. मच्छीमार त्यांना गादा म्हणतात. टीव्हीवरच्यासारख्या उड्या ते क्वचितच मारतात. करडी पाठ वर येते, पर दिसतो, पुन्हा पाणी सपाट. ते टिपायला पाणीही सपाटच हवं. दुपारी खारा वारा सुटला की सगळीकडे पांढरा फेस उठतो आणि त्यात पर ओळखू येत नाही. सकाळची पहिली बोट घ्या.

बोटीत बसण्याआधीच तांडेलाला सांगा, "दादा, मागे लागू नका. लांब थांबून इंजिन मंद ठेवा, आम्ही वाट बघू." चार बोटींनी घेरलं की कळप बुडी मारून भलतीकडेच निघतो. थांबलेल्या बोटीजवळ तो आपणहून आलेला मी दोनदा पाहिलाय.

पक्ष्यांच्या थव्यात धावणं

रीलसाठी कुरवांच्या थव्यात पळत जाणारे आता प्रत्येक पुळणीवर असतात. हिवाळ्यात येणारे कुरव, चिखले, तुतवार हजारो किलोमीटर उडून आलेले असतात. वाळूवर ते नुसते बसलेले दिसतात तेव्हा विश्रांती घेत असतात, आणि दर वेळी उडवले की साठवलेली चरबी उगाच खर्च होते. त्यांना गाठ्या, शेवही घालू नका. दुर्बीण घेऊन भरतीच्या आधी तासभर बसा. पाणी चढत येईल तसं ते पक्ष्यांना तुमच्याच दिशेने ढकलत आणतं.

गाडी पुळणीवर नेणं

ओल्या कडक वाळूवर गाडी छान चालते, वळवताना कोरड्या वाळूत रुतते. ट्रॅक्टर शोधून आणेपर्यंत पाणी दारापाशी येतं. शिवाय त्या वाळूत खेकड्यांची बिळं असतात आणि हंगामात कासवांची घरटीही.

पावसाळ्यात निळे फुगे उचलणं

जुलै-ऑगस्टमध्ये किनाऱ्यावर वाहून आलेली निळी, फुग्यासारखी ब्लूबॉटल (जेलीफिशसारखा जीव) मुलं हमखास उचलतात. ती मेलेली दिसली तरी डंख शाबूत असतो. डंख झाला तर वाळूने चोळू नका. समुद्राच्याच पाण्याने धुवा, चिकटलेले धागे चिमट्याने किंवा कार्डाच्या कडेने काढा, मग सोसवेल इतक्या गरम पाण्यात तो भाग ठेवा. श्वास लागला किंवा अंगभर सूज आली तर थेट दवाखाना गाठा.