चोरी, चोर आणि 'हू' : इंग्रजीत गुन्ह्याची हकिगत लिहायला शिकताना

इंग्रजीत गुन्ह्याची हकिगत लिहायला बसले की दोन अडचणी बरोबरच येतात: नेमका शब्द आठवत नाही, आणि आठवला तरी 'जो', 'जिने', 'ज्याची' यांची वाक्ये जुळत नाहीत. रत्नागिरीत संध्याकाळचे इंग्रजीचे वर्ग घेताना माझे मत असे झाले आहे की या दोन्ही गोष्टी एकत्रच शिकाव्यात, कारण कोणी, काय, कोणाचे आणि कोठून हे सांगितल्यावाचून चोरीची हकिगत पुढे सरकतच नाही आणि हू, विच, हूज व व्हेअर हे शब्द नेमकी हीच माहिती वाक्यात जोडतात.

आधी शब्द पाहू. आपण चोरणे आणि लुटणे यांत फरक करतो. तोच फरक स्टील आणि रॉब यांत आहे. स्टीलनंतर चोरलेली वस्तू येते, तर रॉबनंतर लुटला गेलेला माणूस किंवा ठिकाण. म्हणून 'दे स्टोल माय चेन' बरोबर आणि 'दे रॉब्ड माय चेन' चूक. स्पॅनिश भाषकाला येथे अधिक कष्ट पडतात, कारण त्याच्या रोजच्या बोलण्यात 'रोबार' हे एकच क्रियापद दोन्हीकडे चालते. घरफोडीला बर्गलरी म्हणतात, तर धाक किंवा मारहाण करून लुबाडणे म्हणजे रॉबरी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेनुसार लुटारू पाच किंवा अधिक असतील तर तो दरोडा, म्हणजे आपल्या कायद्याच्या इंग्रजीतला डकॉयटी होतो. संशयित तो सस्पेक्ट, आरोपी तो अक्यूज्ड आणि न्यायालयाने दोषी ठरवलेला तो कन्व्हिक्ट. पकडलेल्या प्रत्येकाला सरसकट 'थीफ' लिहिणे हा अन्याय आहे, आणि तो लिहिणाऱ्याच्या हातून नकळत घडतो.

आता वाक्याकडे वळू. गेल्या हंगामात पावसकडच्या एका बागायतदाराच्या मुलीने फळ्यावर लिहिले, 'द मॅन हू स्टोल द मँगोज, ही रॅन अवे.' मी 'ही' पुसला, तेव्हा तिने विचारले, "सर, मग 'तो' कुठे गेला?" प्रश्न अगदी रास्त होता. 'ज्या माणसाने आंबे चोरले, तो पळाला' या मराठी वाक्यात 'जो'ची जोडी 'तो'शी असते; इंग्रजीत हू एकटाच पुरतो.

यावर मला सापडलेला उपाय असा की 'जो-तो' मनात आणूच नये. त्याऐवजी आधी 'आंबे चोरणारा माणूस' किंवा 'त्यांनी चोरलेली होडी' असे म्हणावे. या रचनेत 'तो' नसतोच, त्यामुळे फक्त क्रम उलटायचा उरतो: माणूस आधी, चोरी नंतर. 'द मॅन हू स्टोल द मँगोज', 'द बोट विच दे स्टोल'. दुसऱ्या उदाहरणातला विच गाळला तरी चालतो, कारण होडी चोरली गेली आहे. पहिल्यातला हू गाळता येत नाही, कारण चोरी करणारा तोच आहे.

'जी बाई' आणि 'जी होडी' यांत मराठी भेद करत नाही. इंग्रजीत माणसाला हू, वस्तूला विच. 'ज्याची', 'ज्याचे', 'जिचा' या सर्वांसाठी मात्र न बदलणारा एकच हूज पुरतो: 'द फिशरमन हूज नेट वॉज स्टोलन'. 'ज्याला', 'जिला' या अर्थाचा हूम आता बोलण्यात फारसा येत नाही. वाचताना ओळखता आला तरी पुरे.

सरावासाठी स्थानिक वर्तमानपत्रातली चोरीची एक छोटी बातमी घ्यावी, तिच्यातील प्रत्येक नामाला 'चोरणारा', 'चोरलेली', 'चोरीला गेलेले' अशी विशेषणे लावावीत आणि मग ती वाक्ये इंग्रजीत उलटावीत.

शेवटी स्वल्पविराम, कारण येथे चूक झाली तर निरपराध माणूस अडकतो. 'द फिशरमेन हू टूक द नेट वेअर अरेस्टेड' याचा अर्थ ज्यांनी जाळे नेले तेवढ्याच मच्छीमारांना अटक झाली. पण फिशरमेननंतर आणि नेटनंतर स्वल्पविराम दिला, की ज्यांच्याविषयी लिहिले आहे त्या सर्वच मच्छीमारांनी जाळे नेले आणि ते सर्वच अटकेत आहेत, असा अर्थ होतो. मिरकरवाड्याच्या जेट्टीवरची बातमी लिहिताना ही दोन चिन्हे द्यावीत की नाही, हे घटना नीट विचारून घेतल्यावरच ठरवावे.