केनियाला जाताय? बॅग भरायच्या आधी हे वाचा

जुलै ते सप्टेंबरमध्ये मसाई मारा, म्हणजे केनियातलं प्रसिद्ध अभयारण्य, करणार असाल तर आफ्रिका म्हणजे उकाडा असं डोक्यात धरून नुसते टीशर्ट भरू नका, नैरोबीच जवळपास 1,800 मीटर उंचीवर आहे म्हणजे आपल्या महाबळेश्वरपेक्षाही वर, आणि मारामध्ये पहाटे साडेसहाला गाडीचं छत उघडून उभं राहिलं की वारं असं झोंबतं की दुर्बीण हातात धरवत नाही. स्वेटर, कानटोपी हवीच. दहा वाजता सगळं उतरवावं लागतं, म्हणून एकावर एक घालता येतील असे कपडे घ्या, फक्त निळे-काळे नको, त्सेत्से नावाची चावणारी माशी त्या रंगांकडे ओढली जाते.

चिवडा-लाडू आपण नेणारच, पण डब्यात! केनियात 2017 पासून प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर कडक बंदी आहे आणि 2020 पासून नॅशनल पार्कांमध्ये वापरून फेकायची पाण्याची बाटलीसुद्धा चालत नाही. स्टीलची बाटली घ्या.

यलो फीवरची लस किमान 10 दिवस आधी, एकदा घेतली की जन्मभर चालते. सर्टिफिकेट नसेल तर परत येताना भारतात क्वारंटाइन करू शकतात.

आणि मारा नदीवर प्लीज ड्रायव्हरला घाई करू नका, विल्डबीस्टचा (मोठ्या आफ्रिकन हरणांचा) कळप नदी ओलांडण्याआधी काठावर तासन् तास नुसता उभा राहतो, कधी माघारीही फिरतो, आणि मग अचानक एकानं उडी मारली की मागून सगळेच.