जर्मनीत पीएचडीला निघालात? पहिल्या हिवाळ्यातल्या या चुका टाळा

प्रयोगशाळेतलं काम शिकवायला मार्गदर्शक असतात, जुने सहकारी असतात. घर, टपाल आणि सरकारी मुदती मात्र ज्याच्या त्याने निस्तरायच्या असतात. पहिल्या सहा महिन्यांत संशोधनाचे दिवस याच गोष्टी खातात. त्यांतल्या बहुतेक चुका आधी माहिती असेल तर होतच नाहीत, म्हणून हा लेख.

टपालपेटीवर नाव न लावणं

जर्मन पत्त्यात सहसा फ्लॅट नंबर नसतो. इमारतीत पंचवीस बिऱ्हाडं असली तरी पोस्टमन पेटीवरची आडनावं वाचतो आणि नाव दिसलं नाही की पत्र परत पाठवतो. करओळख क्रमांक, आरोग्य विम्याचं कार्ड, बँकेच्या कार्डाचा पिन, सगळं टपालाने येतं. त्यामुळे किल्ली हातात आली की त्याच दिवशी पेटीवर आणि दाराच्या घंटीवर आडनाव लावा. कुणाच्या घरात पोटभाडेकरू म्हणून राहत असाल, तर त्यांच्या नावाखाली तुमचंही हवं.

नावाचा घोळ आपल्याकडच्यांचा जास्त होतो. आपल्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं नाव असतं. परदेशातला कारकून शेवटचा शब्द आडनाव समजतो आणि विद्यापीठाच्या नोंदीत वडिलांचं नाव आडनाव होऊन बसतं. पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’च्या रांगेत जे आहे ते सगळं, वडिलांचं नाव असेल तर त्यासकट, ‘फोरनामे’च्या रकान्यात लिहा आणि आडनाव ‘नाखनामे’च्या. विमा, बँक, पगार, व्हिसा, सगळीकडे हेच आणि याच क्रमाने.

‘आनमेल्डुंग’ होणार नाही असं घर घेणं

घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पालिकेच्या कचेरीत पत्त्याची नोंदणी, म्हणजे ‘आनमेल्डुंग’, करावी लागते. तिला नुसता भाडेकरार पुरत नाही. घरमालकाने सही केलेला एक पानी दाखला लागतो, त्याचं नाव ‘वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग’. नाव लांबलचक आहे, पण पाठ करून ठेवा, कारण घर बघताना पहिला प्रश्न हाच विचारायचा: हा दाखला मिळेल ना? जाहिरातीत ‘नोंदणी शक्य नाही’ असं लिहिलेली खोली कितीही स्वस्त असली तरी सोडून द्या.

नोंदणी झाली की करओळख क्रमांक दोन-चार आठवड्यांत घरी येतो. तो पगार खात्याकडे पोचला नाही, तर पगारावर सहाव्या वर्गाने कर कापला जाऊ शकतो. हा सगळ्यांत जास्त कपातीचा वर्ग. जादा कापलेले पैसे पुढे परत मिळतात, पण अनामत भरून खिसा रिकामा झालेला असतो नेमका त्याच महिन्यात ही कपात बसते. मोठ्या शहरांत नोंदणीची वेळ, म्हणजे ‘टर्मिन’, पटकन मिळत नाही. पत्ता पक्का झाला की लगेच ऑनलाइन वेळ घ्या, तारीख दोन आठवड्यांपलीकडची मिळाली तर वेळ घेतल्याची ईमेल जपून ठेवा. सकाळी लवकर संकेतस्थळ उघडलं तर रद्द झालेल्या वेळा बऱ्याचदा सापडतात.

अनामत रकमेबद्दल दोनच गोष्टी. कायद्याने ती वीज-पाणी-हीटिंग सोडून उरणाऱ्या मूळ भाड्याच्या तिपटीपेक्षा जास्त घेता येत नाही आणि ती तीन समान मासिक हप्त्यांत देण्याचा हक्क तुम्हाला आहे. घर पाहिल्याशिवाय एक पैसाही पाठवू नका.

नोंदणीनंतर काही आठवड्यांनी रेडिओ-टीव्ही शुल्काचं पत्र येतं. घरात टीव्ही नाही म्हणून ते जाहिरात समजून टाकून देणारे खूप आहेत. हे शुल्क टीव्हीवर नाही, घरावर आहे. ऑगस्ट २०२१मध्ये ते महिन्याला १८.३६ युरो ठरलं. चौघं एकत्र राहत असाल तर चौघांत मिळून एकच. जो भरतो त्याच्या शुल्कखात्याचा क्रमांक बाकीच्यांनी उत्तरात कळवायचा. उत्तरच दिलं नाही, तर मागची थकबाकी दंडासकट येते.

खिडकी बंद ठेवणं, किंवा दिवसभर अर्धवट उघडी ठेवणं

यावर थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण घर सोडताना अनामत कापली जाण्याचं हे मोठं कारण आहे. बुरशी आली की श्वासाचा त्रासही सुरू होतो.

आपल्या घरांना फटी असतात, जाळीच्या खिडक्या असतात, वारा खेळता राहतो. जर्मन खिडकी बंद केली की खोली डब्यासारखी बंद होते. आत तुम्ही श्वास घेता, भात शिजवता, गरम पाण्याने आंघोळ करता, खोलीतच कपडे वाळत घालता. मशीनमधून काढलेल्या एका घाण्यातून दीड-दोन लिटर पाणी हवेत जातं. खोलीत २० अंश तापमान आणि ६० टक्के आर्द्रता असेल, तर १२ अंशांच्या पृष्ठभागावर दव धरतं. जुन्या इमारतीत बाहेरच्या भिंतीचा, कपाटामागचा कोपरा जानेवारीत सहज तितका थंड होतो. आधी तिथे ओल दिसते, मग काळे ठिपके.

उपाय असा: दिवसातून दोन-तीन वेळा हीटर बंद करून खिडकी पूर्ण, सताड उघडायची. कडाक्याच्या थंडीत पाच मिनिटं पुरतात, एरवी दहा. समोरासमोर दोन खिडक्या उघडता आल्या तर उत्तम. हवा बदलते, भिंती मात्र गरम राहतात, त्यामुळे खोली पुन्हा लवकर ऊब धरते. खिडकी वरून तिरकी करून दिवसभर ठेवली तर उलट घडतं: हवा नीट बदलत नाही आणि खिडकीभोवतीची भिंत गार पडते. शिवाय हीटरच्या गोल खटक्याला बाहेरची थंड हवा लागली की खोली थंड आहे असं समजून तो झडप पूर्ण उघडतो. बिल बाहेरची हवा तापवल्याचं येतं.

त्या खटक्यावरचे आकडे वेगाचे नसतात, तापमानाचे असतात. ३ म्हणजे साधारण २० अंश, पुढचा-मागचा प्रत्येक आकडा चारेक अंशांचा. ५ वर ठेवल्याने खोली लवकर तापत नाही, फक्त २८ अंशांपर्यंत तापत राहते. दिवसभर बाहेर असाल तर २ वर ठेवून जा, पूर्ण बंद करू नका. बाहेरच्या भिंतीपासून कपाट पाच-दहा सेंटिमीटर पुढे ओढा. एखादा स्वस्तातला आर्द्रतामापक घ्या आणि काटा ४० ते ६०च्या मध्ये ठेवा. राहायला जाताना चारही कोपऱ्यांचे आणि खिडक्यांच्या रबरांचे फोटो काढून घरमालकाला ईमेल केलेले असले, तर बुरशी आधीचीच होती का हा वाद उरत नाही.

फोडणीचा धूर दाराबाहेर सोडणं

तेल तापलं, मोहरी तडतडली, मिरचीचा ठसका उठला की आपला हात आधी दाराकडे जातो. वसतिगृहात हे करू नका. खोलीतला धूरसूचक नुसता किंचाळतो, पण व्हरांड्यातला अनेक ठिकाणी थेट अग्निशमन दलाला जोडलेला असतो. दार बंद, खिडकी उघडी आणि वरचा एक्झॉस्ट फोडणीच्या आधीपासून चालू, असा क्रम ठेवा. सूचकावर पिशवी बांधणं धोक्याचं आहे, ते टाळाच.

न्हाणीघरात कोपऱ्यात मोरी असेल असं गृहीत धरू नका. बहुतेक ठिकाणी पाणी जायला वाट फक्त शॉवरच्या तळात असते. बादलीने फरशी धुतली तर पाणी खालच्या मजल्याच्या छतात उतरतं. अशा नुकसानीसाठी ‘हाफ्टफ्लिष्ट’ नावाचा दायित्व विमा असतो, तो आल्याआल्या घ्या. इतर विम्यांच्या मानाने तो स्वस्त आहे.

तूप, पेढे, श्रीखंड सामानात भरू नका. युरोपीय संघाबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ स्वतःच्या सामानातूनही नेता येत नाहीत, विमानतळावर काढून घेतात. ताजा कढीपत्ता आणि आंबे यांनाही वनस्पती आरोग्याचा दाखला लागतो. गोडा मसाला, मेतकूट खुशाल न्या. तूप तिथेच कढवा, पण ‘झाउररामबुटर’ असं लिहिलेलं लोणी घेऊन. ते विरजलेल्या सायीचं असतं, म्हणून तुपाला घरचा वास येतो. २५० ग्रॅमच्या पाकिटातून २०० ग्रॅमच्या आसपास तूप निघतं.

कणकेच्या पाकिटावरचा आकडा म्हणजे १०० ग्रॅम पिठातली खनिजं, मिलिग्रॅममध्ये. ४०५ हा जवळजवळ मैदा, त्याची पोळी गार झाली की चामट होते. १०५० घ्या, पाणी थोडं जास्त घाला आणि मळून अर्धा तास झाकून ठेवा. कुकर नेणार असाल तर बुडाला लोहचुंबक लावून बघा. चिकटला नाही तर तो इंडक्शनवर चालणार नाही.

कराराच्या मुदती विसरणं

विद्यापीठात नोकरीच्या करारावर असाल तर रुजू झाल्यावर जाडजूड लिफाफा मिळतो. तो नंतर वाचू म्हणून ठेवू नका. त्यात ‘फाउबेएल’ या जादा निवृत्तिवेतन योजनेचे कागद असतात. नेहमीच्या योजनेत ६० महिने भरल्याशिवाय पेन्शनचा हक्क मिळत नाही. पीएचडीचा करार बहुधा त्याहून लहान असतो. अशा मुदतीच्या संशोधकांना सूट मागून दुसरा पर्याय घेता येतो, पण अर्ज रुजू झाल्यापासून दोन महिन्यांत करावा लागतो. शिष्यवृत्तीवर असाल तर हा प्रश्न येत नाही, मात्र आरोग्य विम्याची सोय स्वतः बघावी लागते.

आजारी पडलात तर पहिल्याच सकाळी कळवा. तीन दिवसांहून जास्त आजार असेल तर चौथ्या दिवशी डॉक्टरचा दाखला हवा, आणि मोजताना शनिवार-रविवार धरतात. काही संस्था तो आधीही मागतात.

व्हिसा संपण्याआधी निवास परवान्याचा अर्ज पोचला पाहिजे. कचेरीची वेळ मिळत नसेल तरी अर्ज ऑनलाइन किंवा ईमेलने पाठवा आणि पोच ठेवा. मधल्या काळासाठी ‘फिक्त्सिओन्सबेशाइनिगुंग’ हा तात्पुरता कागद मिळतो. दिवाळीचं किंवा घरच्या लग्नाचं तिकीट काढण्याआधी त्यावर कोणत्या चौकटीत खूण आहे ते बघा. कलम ८१, परिच्छेद ४ असेल तर भारतात जाऊन जर्मनीत परत येता येतं. परिच्छेद ३ असेल तर येता येत नाही.

आणि करार संपण्याच्या तीन महिने आधी रोजगार कचेरीत ‘काम शोधत आहे’ अशी नोंद करा. प्राध्यापक मुदतवाढ नक्की देणार आहेत म्हणून अनेक जण हे टाळतात. वाढीचा कागद हातात नसेल तर नोंद करायचीच. मुदतवाढ मिळाली तर ती रद्द करता येते. उशीर झाला तर बेकारी भत्त्यातला एक आठवडा जातो. हा भत्ता तुमच्याच पगारातून कापलेल्या हप्त्यांचा असतो, मागच्या ३० महिन्यांत १२ महिने ते भरलेले असले की हक्काने मिळतो. प्रबंधाचं शेवटचं प्रकरण लिहायला कित्येकांना तेवढाच आधार असतो.